रोटॅक्स ९१२ आयडलला थरथरतंय, कार्ब सिंक करूनही फरक नाही

आकाशवेडा_इलिनॉय
नमस्कार मंडळी. इथे बुलेटवर, डिझेल पंपांवर, जुन्या फियाटवर झकास धागे आहेत, पण विमानाच्या इंजिनावर एकही सापडला नाही म्हणून नवा काढतोय.

मी आणि माझा एक मित्र मिळून झेनिथ सीएच ७५० हे दोन जणांचं विमान किटमधून बांधलंय. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचं, सेकंडहँड घेतलेलं. तास फार झालेले नाहीत, पण आधीच्या मालकाकडे ते बरीच वर्षं नुसतं पडून होतं. विमान उडतं छान. ४००० आरपीएमवर मॅग चेक केला (दोनपैकी एक इग्निशन बंद करून आरपीएम किती पडतो ते बघणं) की एका इग्निशनवर ड्रॉप ३०० च्या बराच आत आणि दोन्हींतला फरकही ११५ च्या आत, म्हणजे पुस्तकाप्रमाणे सगळं ठीक. क्रूझला तर लोण्यासारखं चालतं. पण २००० च्या खाली आलं की अख्खं पॅनल थरथरतं, कंपासची तबकडी वाचता येत नाही.

दोन्ही कार्बोरेटरांचं मेकॅनिकल सिंक तपासलं: दोन्ही लिव्हर एकाच क्षणी स्टॉपवरून उचलतात आणि वरच्या स्टॉपला एकदमच टेकतात. मग मधली बॅलन्स ट्यूब काढून व्हॅक्यूम गेज लावले. २५०० ला दोन्ही काटे जुळतात. आयडलला आणलं की डावा काटा मागे राहतो. स्क्रू फिरवून आयडलला जुळवावा, तर वर बिघडतं. आयडल मिक्स्चरचे स्क्रू दीड-दीड फेरा उघडे आहेत.

आणखी काय बघू? आणि जे लोक आपलं इंजिन आपणच सांभाळतात त्यांना एक विचारायचंय: आपण कशाला हात लावायचा आणि कुठे थांबायचं, हे तुम्ही कसं ठरवता?

चिंतामणी
घरी बांधलेलं विमान! वाचतोय. खूण ठेवतो.

सुमेधा_क
अभिनंदन आधी. पण अमेरिकेत असं कुणीही विमान बांधून उडवू शकतं का? काही परवाना वगैरे?

आकाशवेडा_इलिनॉय
सुमेधाताई, बांधकामातलं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलं पाहिजे, हा मुख्य नियम. इथे त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. मग एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा) माणूस येऊन विमान आणि कागद तपासतो. इंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित नसेल तर सुरुवातीचे ४० तास ठरलेल्या हद्दीतच उडायचं, प्रवासी न घेता. पुढे दरवर्षी पूर्ण तपासणी करावी लागते, आणि ज्याने विमान बांधलं त्याला त्या एका विमानापुरतं रिपेअरमन प्रमाणपत्र मिळतं, मग ती वार्षिक तपासणी तो स्वतः करून सही करू शकतो. बांधणारे दोघे असले तरी प्रमाणपत्र एकालाच मिळतं. आमच्यात ते माझ्याकडे आहे, म्हणूनच हा धागा जरा जिवावर आल्यासारखा लिहितोय. सही माझी आहे.

निवृत्त_वायुसैनिक
आकाशवेडा, पहिलं सांगणं: आता कुठल्याही स्क्रूला हात लावू नका. स्क्रू दीड फेऱ्यावर आहेत, लिव्हर बरोबर उचलतात, वर काटे जुळतात. म्हणजे ॲडजस्टमेंट जिथे असायला हवी तिथेच आहे. एखादा पार्ट बिघडलाय आणि तुम्ही स्क्रूने त्याची भरपाई करायला बघताय. तो पार्ट सापडला की स्क्रू परत मूळ जागी आणावे लागतील, मग आत्ताच का हलवायचे?

दुसरं, आयडलच्या थरथरीकडे 'उडताना तर नीट चालतंय' म्हणून दुर्लक्ष करू नका. या इंजिनात पंख्याच्या आधी गिअरबॉक्स आहे, यूएलएसला २.४३ पट फेरे कमी करणारा. इंजिन धक्के देत चाललं की दात एकमेकांवर आपटतात. १४०० च्या खाली चालवायचं नाही हा नियम त्यासाठीच आहे. आमच्याकडे एनसीसीच्या मायक्रोलाइट विमानांवर ८० अश्वशक्तीची ९१२ होती. नवीन पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो की इंजिन बंद करताना आणि सुरू करताना जे आवाज येतात ते गिअरबॉक्सचे असतात, कान तिकडे ठेवा.

तपासायचा क्रम माझा असा: प्लग काढून रंग बघा, १ आणि ३ चे एकीकडे ठेवा, २ आणि ४ चे दुसरीकडे, कारण उजवा कार्ब १-३ ला आणि डावा २-४ ला हवा देतो. मग बाऊल (कार्बची पेट्रोल साठवणारी वाटी) काढून आतला तरंगणारा फ्लोट. मग चोकच्या केबल पूर्ण परत येतात का. मग हवा कुठून आत शिरते का ते.

मीरा_ब्रिस्टल
काकांशी सहमत. फ्लोटबद्दल थोडं लिहिते, कारण आमच्या हँगरमध्ये हा विषय निघतोच.

या कार्बमध्ये प्रत्येक बाऊलला दोन सुटे फ्लोट असतात. ते पेट्रोल शोषून जड झाले की खाली बसतात, सुई वेळेवर बंद होत नाही, बाऊल भरून वाहतो आणि त्या बाजूचं मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. नजरेला काहीही दिसत नाही, वजनच करावं लागतं. दोन्ही मिळून ७ ग्रॅमपेक्षा जास्त भरले तर बदलायचे. स्वयंपाकघरातला काटा यासाठी चालत नाही, एक दशांश ग्रॅम दाखवणारा हवा. आणि बाऊलमधून काढल्या काढल्या लगेच तोला. वाळले की हलके होतात आणि सगळं आलबेल वाटतं.

इंग्लंडमध्ये आमची पद्धत वेगळी. लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा इन्स्पेक्टर बांधकामाच्या टप्प्यांवर येतो आणि पुढे दरवर्षी परमिटच्या वेळी बघतो. काम आपण करायचं, पण कंट्रोल किंवा इंजिनाशी निगडित काही उघडलं की दुसऱ्या डोळ्यांनी बघून सही व्हायलाच हवी. मला हीच पद्धत पटते. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच: हात कशालाही लाव, पण दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय उडू नकोस.

बुलेटवाला_कराड
धागा भारी. एक शंका. मारुतीचं इंजिन बसवलं तर? पार्ट तालुक्याला मिळतात, मेकॅनिक गल्लीत. एवढं महाग ऑस्ट्रियन इंजिन कशाला?

टेक्सासकर
बुलेटवाला, लोकांनी बसवली आहेत. सुझुकीची तीन आणि चार सिलिंडरची इंजिनं इथे हलक्या विमानांत गिअर किंवा बेल्ट लावून उडतात. फोक्सवॅगनचं हवेवर थंड होणारं इंजिन तर कित्येक दशकं उडतंय. त्याच्याही आधी मिनेसोटाच्या बर्नार्ड पीटनपोलने १९२९ साली फोर्ड मॉडेल ए चं इंजिन आपल्या एअर कँपरवर बसवून उडवलं होतं, आणि ते विमान लोक आजही बांधतात.

अडचण दोन ठिकाणी येते. मोटार हायवेवर आरामात पळत असते तेव्हा तिच्या ताकदीचा जेमतेम पाव भाग वापरात असतो. विमान तासन् तास पाऊण ताकदीवर चालतं. म्हणजे थंड करण्याची सगळी व्यवस्था नव्याने करायला लागते. आणि मोटारीचा क्रँक क्लच-गिअरबॉक्ससाठी बनवलेला, त्यावर लांब जड पंखा लावला की पिळाची कंपनं सुरू होतात. ती एका ठरावीक आरपीएमला वाढतात आणि रिडक्शन ड्राइव्ह तोडतात. इंजिन स्वस्तात मिळेल, पण ड्राइव्हचं गणित स्वस्तात होत नाही. ज्यांनी ते नीट केलंय त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

बाकी माझं मत विचाराल तर या सगळ्या भानगडीपेक्षा लायकमिंगचं विमान-इंजिन बरं. मी आरव्ही-६ नावाच्या एका किट-विमानाच्या देखभालीला मदत करतो, त्यावर लायकमिंगचं ओ-३२० आहे. गिअरबॉक्स नाही, पाणी नाही, दोन कार्ब नाहीत, सिंक करायचा प्रश्नच नाही. २७०० च्या वर जात नाही बिचारं.

मीरा_ब्रिस्टल
टेक्सासकर, त्या बदल्यात मॅग्नेटोचं (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचं) टायमिंग लावत बसावं लागतं ते सांगा की! रोटॅक्सच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनला ते हाताने लावायची गरज नाही.

टेक्सासकर
ते खरं, पण ते काम मला आवडतं. ऐकाच. वरचे प्लग काढायचे, पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवून पंखा हळू फिरवायचा. अंगठा बाहेर ढकलला गेला की कॉम्प्रेशन स्ट्रोक. मग स्टार्टरच्या रिंगवरची खूण जुळेपर्यंत पुढे. किती अंशांवर, ते इंजिनाच्या पाटीवर असतं, आमच्या इंजिनाला २५. पुस्तकातलं किंवा मित्राचं ऐकायचं नाही, पाटीवरचा आकडा खरा. मग बझर लावून मॅग्नेटो अलगद पिरगळायचा, पॉइंट उघडले की आवाज बदलतो, तिथे बोल्ट आवळायचा. आवळताना तो किंचित सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर पंखा मागे घेऊन परत एकदा बघायचं.

कॉम्प्रेशन टेस्टही तशीच. सिलिंडरमध्ये ८० पीएसआयने हवा सोडायची आणि किती टिकते ते वाचायचं. आकड्यापेक्षा कान महत्त्वाचा. सायलेन्सरमधून सूं ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बमधून आलं तर इनटेक, तेलाच्या झाकणातून आलं तर रिंगा. पंखा मात्र एकाने घट्ट धरून ठेवलेला हवा. ८० पीएसआयची हवा पिस्टनवर असते, सुटला तर हाडं मोडतील.

बुलेटवाला_कराड
मस्त लिहिलंय राव. ते अंगठा ठेवून कॉम्प्रेशन बघणं आम्हीपण करतो.

पन्नासचा_पाना
मराठी माणसाचं विमान म्हटल्यावर कॅप्टन अमोल यादवांचं नाव कसं नाही आलं अजून? कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात बीकेसीला ठेवलं होतं. मी बघून आलोय. पंख्याजवळ उभं राहिलो तेव्हा हे सगळं लिफ्टशिवाय गच्चीवर चढवलंय यावर विश्वास बसेना.

सुमेधा_क
आणि २०२० ला धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालंही! नोंदणी मिळायलाच किती वर्षं गेली त्यांची. आपल्याकडे हौशी बांधणाऱ्यासाठी सरळ वाट असती तर असे अजून चार जण दिसले असते.

पन्नासचा_पाना
+१. चौपाटीवरच्या तळपद्यांचं...

संपादक_मंडळ
तळपदे यांच्यावर स्वतंत्र धागा आहे, कृपया ती चर्चा तिकडे. इथे इंजिन चालू द्या.

गोंयकार_दर्यावर्दी
इंधनाचा मुद्दा राहिला. भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे ना? मग इथे मायक्रोलाइटवाल्यांनी काय करायचं?

निवृत्त_वायुसैनिक
बरोबर, १० पर्यंतच. मग उरतं विमानतळावरचं एव्हगॅस. ते चालतं, पण १०० एलएलमध्ये शिसं असतं. ते तेलात उतरतं, तेलाच्या टाकीच्या तळाशी आणि गिअरबॉक्सात करड्या चिखलासारखं बसतं. म्हणून एव्हगॅस जास्त वापरत असाल तर १०० ऐवजी ५० तासांनी तेल आणि फिल्टर बदलायचा, आणि जुना फिल्टर कापून घडी उलगडून बघायचा. मॅग्नेटिक प्लगही प्रत्येक वेळी काढायचा. त्यावर काळ्या लोण्यासारखी बारीक पूड असली तर ती नेहमीची झीज. चिमटीत धरता येईल असा कण मिळाला तर विमान तिथेच उभं करायचं.

इथेनॉलचा दुसरा त्रास म्हणजे ते हवेतलं पाणी ओढतं. समुद्रकाठी जास्तच.

आकाशवेडा_इलिनॉय
सगळ्यांचे आभार. काम केलं ते सांगतो.

प्लग: १-३ चे फिकट तपकिरी, छान. २-४ चे जवळजवळ पांढरे. म्हणजे डावी बाजू लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे, रिच नाही.
फ्लोट: इथल्या गुजराती सोनाराकडे बाऊल पेट्रोलसकट डब्यात घेऊन गेलो, त्यांनी दुकानाबाहेर येऊन काट्यावर तोलून दिले. दोन्ही जोड्या ७ ग्रॅमच्या आत. दोन्हीकडच्या सुया, जेट स्वच्छ.
चोकच्या केबल दोन्ही पूर्ण परत येतात.

आता?

निवृत्त_वायुसैनिक
शाबास. आता उत्तर जवळ आलंय. एक बाजू लीन, फक्त आयडलला, आणि वर गेल्यावर नाहीसं. डाव्या कार्बच्या पुढून कुठून तरी फुकटची हवा आत जातेय. आयडलला थ्रॉटल बंद, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सर्वांत जास्त, इंजिनाला लागणारी हवा सर्वांत कमी. तेव्हा एवढीशी भेगसुद्धा मोठा वाटा खाते. थ्रॉटल उघडलं की तीच भेग हिशेबात येत नाही. तुमचा डावा काटा मागे राहतो त्याचंही कारण हेच.

कार्ब ज्या रबरी फ्लँजवर बसतो तो बघा. पडून राहिलेल्या इंजिनात रबर आधी जातं. तास कमी असले म्हणून रबर तरुण राहत नाही.

बुलेटवाला_कराड
सोपी युक्ती सांगू? इंजिन चालू ठेवून त्या रबरावर कार्ब क्लीनरचा फवारा मारा. आरपीएम बदलला की गळती तिथेच. आम्ही रोज करतो.

मीरा_ब्रिस्टल
नको! बुलेटला ठीक आहे, इथे दोन हात पुढे पंखा फिरतोय आणि खाली लाल होईल इतका एक्झॉस्ट आहे. हातातून कॅन सुटला किंवा फवारा खाली गेला तर आग. गेज लावून सिंक करतानाही एक माणूस आत ब्रेकवर, चाकांना अडणी, शेपूट बांधलेली, आणि काम करणारा नेहमी मागच्या बाजूने. रबराची भेग इंजिन बंद ठेवून, वाकवून दिसते.

आणि अजून एक, आकाशवेडा. थ्रॉटल केबल सुटी करून काम करत असशील तर ध्यानात ठेव, या कार्बच्या स्प्रिंगा थ्रॉटल बंद करत नाहीत, पूर्ण उघडतात. हवेत केबल तुटली तर ताकद टिकावी म्हणून तसं केलंय. जमिनीवर केबल सुटलेली असताना कुणी स्टार्टर दाबला तर विमान चाकं घसटत निघेल.

बुलेटवाला_कराड
हे नव्हतं माहीत. माघार घेतो.

टेक्सासकर
मीराताईंना दोनदा +१. पंखा हाताने फिरवतानाही हाच धाक हवा. दोन्ही स्विच बंद असले तरी इंजिन जिवंत आहे असंच समजायचं. आमच्या मॅग्नेटोची तर अर्थिंगची वायर तुटली की स्विच बंद असूनही ठिणगी पडते.

आकाशवेडा_इलिनॉय
सापडलं!!

डावा कार्ब उतरवला. रबरी फ्लँज बाहेरून काळाकुळीत, तुकतुकीत, कुणालाही नवा वाटेल. टॉर्च धरून दोन्ही अंगठ्यांनी खाली वाकवला तर क्लॅम्पच्या खाचेत, इंजिनाकडच्या खालच्या अंगाला, नखाएवढी लांब चीर उघडली. सोडलं की मिटते. आत नख घातलं तर पार पलीकडे गेलं. वरून बघून ती दिसणं शक्यच नव्हतं, कार्बच्या वजनानेच ती खाली उघडत असणार. मित्राला बोलावून त्याच्याकडूनही बघून घेतलं. उजव्याला अजून आरपार चीर नाही, पण वाकवल्यावर केसासारख्या रेघा दिसतात.

दोन्ही नवे मागवले, बसवले, क्लॅम्प हलक्या हाताने. पाण्याचं आणि तेलाचं तापमान वर येईपर्यंत गरम करून परत गेज लावले. मिक्स्चरचे स्क्रू दीड फेऱ्यावर होते तसेच ठेवलेत, आयडल स्टॉपच्या स्क्रूला अगदी थोडा स्पर्श लागला. आता १८०० ला दोन्ही काटे एकत्र आणि २५०० लाही एकत्र. कंपास वाचता येतो.

काका, तुम्ही स्क्रूला हात लावू नका म्हणालात ते किती मोलाचं होतं! मिक्स्चर रिच करून मी थरथर कमी करू शकलो असतो आणि ती चीर वाढत राहिली असती.

चिंतामणी
वा! सकाळपासून तीनदा धागा उघडून बघितला. मला विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायला फार मजा आली.

सुमेधा_क
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय झालं? कशाला हात लावायचा आणि कुठे थांबायचं?

टेक्सासकर
माझा नियम: जे काम झाल्यावर मोजून तपासता येतं ते मी करतो. टायमिंग, कॉम्प्रेशन, प्लगची गॅप, तेल. जे बरोबर झालं की नाही हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही, ते शॉपकडे. क्रँककेस मी उघडणार नाही.

मीरा_ब्रिस्टल
मला हे अर्धंच पटतं. आकाशवेडाच्या इंजिनाचे सगळे आकडे मर्यादेत होते. मॅग ड्रॉप बरोबर, फ्लोट बरोबर, स्क्रू बरोबर. तरी चीर होतीच. म्हणून मोजणं पुरत नाही, दुसरा माणूस लागतो. इथे तो दुसरा माणूस काकांच्या रूपाने इंटरनेटवर भेटला, पण प्रत्यक्ष हँगरमध्ये असेल तर जास्त बरं.

टेक्सासकर
पण डावा काटा मागे राहतो हेही मोजूनच कळलं ना! तरी दुसऱ्या डोळ्यांचं मान्य. आमच्याकडे ईएएच्या (हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या) शाखांमध्ये तांत्रिक सल्लागार असतात, बोलावलं तर येऊन काम बघतात, पैसे घेत नाहीत. आकाशवेडा, तुमच्या जवळच्या शाखेत विचारा.

नवशिका_नागपूर
उशिरा आलोय. मी नुकताच एका मायक्रोलाइट क्लबात जायला लागलोय. तिथे तेल तपासण्याआधी पंखा हाताने बराच वेळ फिरवायला लावतात. का?

निवृत्त_वायुसैनिक
कारण या इंजिनाचं तेल खाली संपमध्ये साठत नाही, वेगळ्या टाकीत असतं. इंजिन उभं राहिलं की थोडं तेल क्रँककेसमध्ये उतरतं आणि टाकीतली पट्टी कमी दाखवते. पंखा फिरवला की पिस्टनच्या बाजूने निसटलेला दाब तेलाला परत टाकीत ढकलतो. टाकीतून गुडगुड आवाज आला की सगळं तेल परत गेलं, आता पट्टी बघा. न फिरवता तेल ओतलंत तर जास्त होतं. आणि फिरवायचं ते इंजिनाच्या चालीच्या दिशेनेच, उलटं कधीच नाही, नाहीतर तेलाच्या वाटेत हवा भरते. हळू फिरवा, प्रत्येक कॉम्प्रेशनला क्षणभर थांबा. दाब निसटायला वेळ मिळतो आणि चारही सिलिंडर हाताला सारखे लागतात का तेही कळतं.

नवशिका_नागपूर
खूप धन्यवाद काका. उद्या हेच बघतो.

निवृत्त_वायुसैनिक
आकाशवेडा, एक राहिलं. फ्लँज सापडले म्हणून विषय संपला असं समजू नका. निर्मात्याने रबराची सगळी मंडळी ५ वर्षांनी बदलायला सांगितली आहेत: पेट्रोलचे होज, पाण्याचे, तेलाचे, कार्बमधले पडदे, पंपही त्याच मुदतीत. फ्लँज इतका जुना होता तर बाकीचं काय नवं असणार? लॉगबुकमध्ये त्यांची नोंद आहे का?

आकाशवेडा_इलिनॉय
आधीच्या मालकाच्या लॉगबुकात तेल आणि प्लगच्या नोंदी आहेत, होजबद्दल एक अक्षर नाही. काल पेट्रोलचा एक होज काढून वाकवला, कडेला बारीक रेघा दिसल्या. पूर्ण संच मागवलाय, पंपासकट. तो बसेपर्यंत आणि ईएएचा सल्लागार बघून जाईपर्यंत विमान जमिनीवरच आहे.

निवृत्त_वायुसैनिक
उत्तम. होज बसवलेत की पहिल्या उड्डाणाआधी जमिनीवर पूर्ण गरम करा, काउलिंग काढून प्रत्येक जोड हाताने चाचपा, आणि थंड झाल्यावर क्लॅम्प पुन्हा एकदा बघा. नवं रबर पहिल्या गरम-थंडात थोडं बसतं.